उडी मोजली, काळीज कोण तपासणार?

स्पर्धांचा हंगाम सुरू होण्याआधी व्हॉलीबॉलपटूंची शारीरिक क्षमता चाचणी घेण्याची पद्धत आता आपल्याकडेही रुळत चालली आहे. भिंतीला पट्टी लावतात, बोटांना खडू फासतात, खेळाडू उडी मारतो आणि खुणेवरून आकडा लिहिला जातो. अमेरिकेतील डडली सार्जंट यांनी ही उडीची चाचणी १९२१ मध्ये मांडली, म्हणजे तिला शंभर वर्षे उलटून गेली. तिच्यात गैर काहीच नाही. उलट पट्टी कुणाचे आडनाव विचारीत नाही, शिफारसपत्र मागत नाही. ज्या निवड समितीत आमच्या वस्तीतल्या पोराचे नाव वाचताच पेन अडखळतो, तेथे पट्टीवरचा आकडा हाच त्या पोराचा एकमेव साक्षीदार असतो. त्यामुळे चाचणीला विरोध करण्याचे कारण नाही. प्रश्न वेगळा आहे. ही चाचणी घेतली जाते ती कुणासाठी? या शरीराकडून संघाला काय मिळेल हे पाहण्यासाठी, की खेळताना या शरीराला काय सोसावे लागेल हे जाणून घेण्यासाठी?

या प्रश्नाचे उत्तर एका मृत्यूने दिलेले आहे. फ्लो हायमन ही अमेरिकेची कृष्णवर्णीय व्हॉलीबॉलपटू. उंची सहा फूट पाच इंच. तिच्या स्मॅशची जगभर दहशत होती. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या महिला संघाने रौप्यपदक मिळवले, त्या संघाची ती आधारस्तंभ होती. पदक घेऊन ती घरी स्वस्थ बसली नाही. खेळात स्त्रियांना समान संधी देणारा कायदा बळकट व्हावा म्हणून मार्टिन ल्यूथर किंग यांच्या पत्नी कोरेटा किंग यांच्यासोबत ती नागरी हक्कांच्या लढ्यात उभी राहिली. पुढे ती जपानमध्ये व्यावसायिक संघाकडून खेळू लागली. २४ जानेवारी १९८६ रोजी मात्सुए येथे सामना चालू असताना तिला बदली करून बाहेर बसवले गेले आणि बाकावर बसल्या बसल्या ती कोसळली. वय अवघे ३१. आधी सर्वांना वाटले, हृदयविकाराचा झटका असावा. शवविच्छेदनात निघाले ते दुसरेच. तिला मार्फान सिंड्रोम हा जन्मजात विकार होता आणि हृदयातून निघणारी मुख्य धमनी फाटल्यामुळे तिचा जीव गेला होता.

या विकारात माणूस उंच होतो, हात लांब होतात, बोटे लांबसडक होतात. व्हॉलीबॉलचा प्रशिक्षक नेमके हेच शोधत असतो! ज्या उंचीवर संघ खूश होता, ती उंचीच आतल्या धोक्याची खूण होती. वर्षानुवर्षे तिची उंची मोजली गेली, उडी मोजली गेली. त्या उंचीमागचा आजार मात्र ती जिवंत असताना कुणाच्याही ध्यानात आला नाही. तिच्या मृत्यूनंतर तिच्या भावाची तपासणी झाली, त्यालाही तोच विकार निघाला आणि शस्त्रक्रियेने तो वाचला. म्हणजे निदान अशक्य नव्हते. कुणी विचारलेच नव्हते.

उंच पोरगा दिसला की तो आजारीच, असा अर्थ कुणी काढू नये. हा विकार साधारण पाच हजारांत एकाला असतो. पण ज्या पट्टीने उडी मोजता, त्याच पट्टीने पसरलेल्या दोन्ही हातांची लांबी मोजायला पैसे पडत नाहीत. ती उंचीपेक्षा फारच जास्त भरली तर डॉक्टरकडे पाठवता येते. आणि दोन प्रश्न तर अगदीच फुकटचे आहेत. पळताना किंवा खेळताना कधी चक्कर येऊन पडलास का? घरात पन्नाशीच्या आत कुणी अचानक गेले का? अमेरिकेतील हृदयतज्ज्ञांच्या संघटनेने खेळाडूंच्या तपासणीसाठी जी प्रश्नावली केली आहे, तिच्यात हे दोन्ही आहेत. इटली तर पुढे गेला. तेथे स्पर्धात्मक खेळ खेळणाऱ्या प्रत्येकाची ईसीजीसह वैद्यकीय तपासणी १९८२ पासून कायद्याने सक्तीची आहे. तेथील व्हेनेतो प्रांतात त्यानंतरच्या दोन दशकांत तरुण खेळाडूंचे अचानक होणारे मृत्यू जवळपास ९० टक्क्यांनी घटले, असे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. ईसीजी सर्वांनाच सक्तीचा करावा की नाही, यावर डॉक्टरांमध्ये आजही वाद आहे. तो वाद त्यांनी खुशाल घालावा. पण प्रश्नच न विचारण्याच्या बाजूने तर कुणीही नाही ना?

आता आपल्याकडे येऊ. आपल्या वस्त्यांत मार्फानपेक्षा जास्त भीती आहे ती संधिवाताच्या तापाने बिघडणाऱ्या हृदयाच्या झडपांची. लहानपणी घसा धरतो, सांधे सुजतात, कुणी लक्ष देत नाही आणि झडप कायमची खराब होते. दाटीवाटीची घरे आणि वेळेवर न मिळणारे औषध, यांतून फोफावणारा हा आजार आहे. अनेकदा स्टेथोस्कोप छातीला लावताच डॉक्टरला संशय येतो. पण निवड चाचणीच्या मैदानावर शिट्टी असते, स्टॉपवॉच असते, स्टेथोस्कोप कुठे असतो?

मुलींची गोष्ट आणखी वेगळी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. म्हणजे चाचणीच्या रांगेत उभ्या राहिलेल्या मुलींपैकी निम्म्यांच्या आसपास अशा असू शकतात. ती मुलगी धावताना मागे पडते आणि वहीत शेरा पडतो, ‘दम कमी’. दम कमी नसतो, रक्तातले लोह कमी असते! लोहाच्या गोळीने आणि पोटभर जेवणाने जे भरून येईल, त्याला गुणवत्तेचा अभाव म्हणून मोकळे व्हायचे, ही येथील व्यवस्थेची जुनी खोड आहे.

बरे, धावणे तरी कोणते? अनेक ठिकाणी व्हॉलीबॉलपटूंना बारा मिनिटे पळवतात. ही कूपर यांची चाचणी १९६८ मध्ये पुढे आली ती अमेरिकी हवाई दलाच्या जवानांसाठी. व्हॉलीबॉलमधली एक रॅली बहुधा दहा सेकंदांच्या आत संपते. असो.

खरी मेख गुडघ्यात आहे. उड्या मारून मारून वाटीखालची कंडरा दुखावते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतील अभ्यासात अव्वल व्हॉलीबॉलपटूंपैकी सुमारे ४५ टक्के खेळाडूंना हे दुखणे आढळले. त्याच देशातील संशोधकांनी पुढे १६ ते १८ वर्षांच्या खेळाडूंचा पाच वर्षे मागोवा घेतला आणि २०१३ मध्ये एक विलक्षण निष्कर्ष मांडला. मुलांमध्ये हे दुखणे ज्यांना नंतर जडले, त्यांची उडी सुरुवातीलाच इतरांपेक्षा चांगली होती. म्हणजे चाचणीत पहिला येणारा पोरगाच गुडघा गमावण्याच्या वाटेवर पहिला असतो. मग त्याचा आकडा पाहून टाळ्या वाजवायच्या, की त्याच्या उड्या मोजून सरावाला आवर घालायचा?

आपल्याकडे तर पावसाळ्यात मातीच्या मैदानाचा चिखल होतो, गावातला सराव बंद पडतो आणि पाऊस ओसरतो न ओसरतो तोच स्पर्धा अंगावर येतात. ज्यांच्या महाविद्यालयात छताखालचे मैदान आहे, त्यांचा पावसाळा सरावात जातो. गावचा पोरगा दोन महिन्यांनी एकदम कडक जमिनीवर शेकडो उड्या मारतो. कंडरेला हा अचानक पडणारा भार सोसत नाही.

आणि दुखले तरी तो सांगणार नाही. का सांगेल? राज्य स्पर्धेचे एक प्रमाणपत्र म्हणजे शासकीय नोकरीतील खेळाडूंच्या ५ टक्के समांतर आरक्षणाचे दार. शेतमजुराच्या घरात त्या कागदाची किंमत काय असते, हे वेगळे सांगायला नको. ‘गुडघा दुखतो’ असे म्हटले की नाव कापले जाणार, हे ठाऊक असताना तो मुकाट्याने पट्टी बांधून, गोळी गिळून उडी मारतो. जिथे खरे बोलण्याची शिक्षा घरी बसणे ही आहे, तिथे चाचणीच्या वहीत खरे काही उतरणारच नाही. सधन घरचा मुलगा दुखापतीतून बरा होऊन पुढच्या वर्षी परत येऊ शकतो. ज्याच्या घरी पुढच्या वर्षीची शाश्वती नाही, त्याने काय करावे?

म्हणून आरोग्याची तपासणी आणि निवड या दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. निवडीच्या दीडदोन महिने आधी डॉक्टरांनी तपासावे, तपासणीचा तपशील खेळाडूकडे आणि डॉक्टरकडे राहावा, दुखण्यावर उपचार सुरू व्हावेत. खेळणे जिवावर बेतणार असेल तेवढ्यापुरताच डॉक्टरांचा शब्द अखेरचा. निवड त्यानंतर. यासाठी नवी योजना मागण्याचीही गरज नाही. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे. त्याची वैद्यकीय पथके वर्षातून एकदा शासकीय आणि अनुदानित शाळांत येतात, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतात, आणि त्यांच्या यादीत तीव्र रक्तक्षय आहे, संधिवाताचा हृदयविकारही आहे. पथकाच्या भेटीच्या दिवशी शाळेच्या व्हॉलीबॉल संघाला रांगेत पुढे उभे करायला कुणाचा आदेश लागतो?

आपले अनेक कार्यकर्ते क्रीडा शिक्षक आहेत, अनेक जण तालुक्याच्या मंडळांतून संघ उतरवतात. त्यांनी यंदा शाळा उघडताच मुख्याध्यापक, जिल्हा क्रीडा अधिकारी आणि जिल्हा शल्यचिकित्सक या तिघांना एकच अर्ज द्यावा. त्यात संघातील मुलामुलींची यादी, हिमोग्लोबिन आणि हृदयतपासणीची मागणी आणि पथकाच्या भेटीची तारीख एवढेच लिहावे. अर्जाची पोचपावती घ्यायला मात्र विसरू नये.