दुखरी कंबर आणि रिकामा खिसा

कंबरदुखी नाही असे घर आपल्या वस्तीत शोधून सापडायचे नाही. चार घरची धुणीभांडी करणारी बाई, गटार उपसणारा सफाई कामगार, चौथ्या माळ्यावर विटा चढवणारा बिगारी, शिलाई मशीनवर वाकलेली ताई, दहा तास रिक्षा चालवणारा दादा, सगळ्यांची तक्रार एकच. तरी आपण त्याला आजार मानत नाही. "काम केले की दुखणारच," म्हणतो आणि सोसतो. सोसवेनासे झाले की एकदम घाबरतो. या घाबरण्यावर अनेकांची दुकाने चालतात, असे आमचे स्पष्ट मत आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. दहापैकी नऊ रुग्णांत हाड मोडणे, गाठ, जंतुसंसर्ग असे एकच ठोस कारण सापडत नाही. स्नायूंवरचा ताण, अपुरी झोप, मनावरचे ओझे हे सगळे मिळून कंबर दुखते. दुखणे खरेच असते, पण मणका निकामी झालेला नसतो. नव्याने सुरू झालेली बहुतेक दुखणी सहा आठवड्यांत आपोआप कमी होतात.

उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घेण्याची रीत आपल्यात होती, काही घरांत अजून आहे. चार दिवसांनी उसण जाते आणि श्रेय पायाळूला मिळते. ती जाणारच होती. कंबरेत टोचून घेतलेल्या इंजेक्शनाचे आणि सलाईनचेही बऱ्याचदा तसेच असते. फरक एवढाच की पायाळू माणूस पैसे घेत नाही.

"मणक्यात गॅप आलाय", "गादी सरकली", "नस दबली" हे शब्द ऐकले की माणूस हादरतो आणि दागिने गहाण टाकून एमआरआय काढतो. पण ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा पन्नाशीतल्या लोकांचा एमआरआय काढला, तरी दहापैकी आठ जणांत गादीची झीज दिसते. केस पिकावेत तशीच ती. म्हणून फोटोत काय दिसले यापेक्षा डॉक्टरांनी हात लावून, पाय उचलून तपासले का, हे पाहा. कंबरेचा पट्टा आणि वजन लावून ओढण्याचा उपचार सरसकट वापरू नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली जुनाट कंबरदुखीबद्दल सांगितले आहे.

दुखण्याच्या गोळ्या महिनोन्महिने खाल्ल्या तर पोटात जखम होते, मूत्रपिंड बिघडते. बीपी, शुगर असलेल्यांनी आणि गरोदर बायांनी त्या मनाने घेऊच नयेत. एका दिवसात गुण येणाऱ्या, नाव नसलेल्या गोळ्यांच्या पुड्या तर घरात आणू नका. त्यात बऱ्याचदा स्टिरॉइड असते.

आणखी एक गोष्ट बायांसाठी. कंबर दुखते, अंगावरून पांढरे जाते म्हणून गर्भपिशवी काढण्याचा सल्ला मिळतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचे प्रकरण २०१९ साली विधिमंडळात गाजले आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. मोळ्या उचलून दुखणारी कंबर पिशवी काढून बरी होत नाही. पांढरे जाण्यावर बहुतेक वेळा औषधांनी उपचार होतो. ऑपरेशन सांगितले तर सरकारी रुग्णालयात दुसरे मत घ्या.

काही खुणा मात्र धोक्याच्या. लघवी अडणे किंवा नकळत होणे, संडासवर ताबा न राहणे, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणे, पायातली ताकद जाणे, यात एक दिवसही थांबू नका, मोठे रुग्णालय गाठा. पडल्यानंतरचे तीव्र दुखणे, ताप, वजन घटणे, रात्री झोपूनही न थांबणारी वेदना, आधी झालेला कर्करोग, यांतही लगेच तपासा. मणक्याला टीबी होतो. दाट वस्तीत टीबी जास्त, म्हणून ही शंका डॉक्टरांना स्वतःहून विचारा. टीबीचे औषध सरकारकडून मोफत मिळते, उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिना १००० रुपयेही मिळतात.

बाकीच्यांनी काय करावे? अंथरूण धरू नये. फार दुखले तर एक-दोन दिवस काम हलके करा, पण चालत राहा. गरम पाण्याने शेका. उताणे झोपून गुडघे वाकवा, ढुंगण हळूच वर उचला, पाच आकडे मोजा, खाली ठेवा. असे दहा वेळा. मग एकेक गुडघा छातीशी घ्या. रोज दहा मिनिटे, तीन महिने. पायात कळ वाढली तर थांबा आणि दाखवा. ओझे अंगाजवळ धरा, उचलताना कंबरेत पिळू नका.

पण आम्ही हे सांगून थांबलो तर दोष तुमच्याच माथी मारल्यासारखे होईल. सिमेंटची गोणी ५० किलोची. वीस लिटरचा हंडा वीस किलोचा, आणि तो रोज पाच-सहा वेळा बाईच उचलते. घरातल्या पुरुषांनी हंडा उचलायला काय हरकत आहे? मालकिणीकडे लांब दांड्याचा पोछा मागा. मुकादमाकडे हातगाडी मागा. विहारात खाली मांडी घालता न येणाऱ्या आजींसाठी चार खुर्च्या ठेवा.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री होते. त्याच काळात, १९४४ साली, कामगारांच्या आरोग्य विम्याचा अदारकर अहवाल आला आणि त्यातून पुढे १९४८ चा ईएसआय कायदा झाला. तुमच्या पगारातून ईएसआय कापला जात असेल आणि ठरलेल्या दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सुमारे ७० टक्के वेतन मिळते. ठेकेदार पैसे कापतो पण कार्ड देत नाही, अशी तक्रार असेल तर पगाराची पावती जपून ठेवा आणि चार जण मिळून ईएसआयच्या कार्यालयात जा. जिथे फिजिओथेरपी विभाग नाही त्या सरकारी रुग्णालयाकडे तो मागा. मागणीचा कागद लिहायला येत नसेल तर वस्तीतल्या शिकलेल्या मुलीला बसवा, सह्या आपण गोळा करू.