मांडी म्हणजे सीट नव्हे

खूप दिवसांत इथे काही लिहिलं नाही. विषय नव्हता असं नाही. पण हा विषय काढला की घरातली निम्मी माणसं रागावणार हे माहीत होतं, म्हणून टाळत होतो. परवा पुन्हा तोच वाद झाला, आणि म्हटलं, आता रागवायचं त्यांनी रागवा.

वाद कसला, तर आमच्या पिल्लूच्या कार सीटचा. वर्ध्याला लग्न. गाडी पाच जणांची, जाणारे सहा आणि पिल्लू. मावशीनं तोडगा काढला, "ते खुर्चीसारखं काय हाय ते काढून ठेव ना बापू. पोरीला मी घेतो मांडीवर. आम्ही का लेकरं वाढवली नाहीत?" मी नाही म्हणालो. मावशीचं तोंड एवढंसं झालं. शेवटी दोघं जण रेल्वेनं गेले आणि लग्नात मी 'अमेरिकेहून आल्यासारखा करणारा' म्हणून प्रसिद्ध झालो. मी कामठीच्या पुढे फारसा गेलेलो नाही हे वेगळं सांगायला नको.

मी असा का झालो ते सांगतो.

मागच्या डिसेंबरात आम्ही रामटेकला निघालो होतो. पिल्लू तेव्हा आठ महिन्यांची. गाडी मी चालवत होतो, आई शेजारी, पिल्लू आईच्या मांडीवर. सीट घरात होती बरं का! पुण्याच्या चुलतभावानं बारशाला दिलेली. ती दिवाणाशेजारी पडून होती आणि तिच्यात धुतलेल्या कपड्यांच्या घड्या ठेवायचो आम्ही. "इथून इथे तर जायचं," असं मीच म्हणालो होतो. आई नाही, सौ. नाही, मीच.

कन्हानचा पूल ओलांडला, थोडं पुढे गेलो आणि दुभाजकाच्या फटीतून एक गाय रस्त्यावर आली. मी कचकन ब्रेक मारला. गाय वाचली, गाडीला ओरखडा नाही, मागून कुणी धडकलं नाही. म्हणजे अपघात झालाच नाही. पण पिल्लू आईच्या हातांतून पुढे गेली आणि डोकं डॅशबोर्डवर आपटलं. कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ. कामठीला परत आलो, डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी तपासून सांगितलं, काळजीचं वाटत नाही, पण चोवीस तास लक्ष ठेवा, उलटी झाली की लगेच घेऊन या. त्या रात्री घरात कुणीही झोपलं नाही. आई देवासमोर बसून होती आणि एकच वाक्य म्हणत होती, "मी सोडलं नव्हतं रे तिला."

खरंच सोडलं नव्हतं. मी पाहिलंय, दोन्ही हात घट्ट होते. आणि हेच तर मला सांगायचं आहे. आईची काही चूक नाही. हे काम हातांनी होण्यासारखंच नाही.

जरा हिशोब करू. ताशी ५० किलोमीटरनं जाणारी गाडी धडकून साधारण सेकंदाच्या दहाव्या भागात थांबते. तेवढ्या वेळात दहा किलोचं मूल धरून ठेवायला दीडशे किलो तोलण्याइतका जोर लागतो. आपल्यापैकी कोण तांदळाची तीन पोती हवेत अडवून दाखवेल? दुसऱ्या शब्दांत, ५० च्या वेगानं आदळणं म्हणजे दहा मीटरवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडणं. गच्चीच्या कठड्यावर मूल बसवून "मी धरलंय ना" असं आपण म्हणतो का? त्यातून मांडीवर घेणाऱ्यानं स्वतः बेल्ट लावलेला नसेल, तर तो किंवा ती त्या मुलाच्या अंगावरच जाते. मायेची मांडी दोन क्षणांत पन्नास-साठ किलोचं ओझं होते.

आणि पुढची सीट? तिथे आता एअरबॅग असते. २०२१ संपल्यापासून पुढच्या प्रवाशासमोरही एअरबॅग सक्तीची झाली. ती मोठ्या माणसाच्या छातीसाठी बनवलेली आहे आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत उघडते. डिसेंबर २०२४ मध्ये नवी मुंबईत वाशीला सहा वर्षांचा एक मुलगा पुढच्या सीटवर बसला होता. अपघात झाला, एअरबॅग उघडली आणि तिच्या आघातानं तो गेला. बातमी वाचली तेव्हा पिल्लू जन्मायची होती. हळहळलो आणि पान उलटलं. रामटेकच्या रस्त्यावर ती बातमी मला का आठवली नाही, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

"मागे बसलं की काही होत नाही" हाही एक समज. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ सायरस मिस्त्रींची गाडी पुलाच्या कठड्यावर आदळली. महागडी गाडी, पण मागे बसलेल्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते. ते दोघंही गेले, पुढचे दोघं वाचले.

कायद्याचं म्हणाल तर कायदा आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १९४ब आलं. चौदा वर्षांखालचं मूल बेल्टनं किंवा त्याच्या सीटनं बांधलेलं नसेल तर एक हजार रुपये दंड, १ सप्टेंबर २०१९ पासून. ऑटोमोटिव्ह चौकात हेल्मेटसाठी अडवताना शंभरदा पाहिलंय, लेकरू मांडीवर आहे म्हणून अडवलेलं एकदाही नाही. आपल्याकडे मांडीला चलान नाही.

आता नेहमीचे आक्षेप.

"पैसे किती लागतात!" बऱ्या सीट पाच-सहा हजारांपासून मिळतात. बारशाला आपण दीडशे पानं उठवतो, चांदीचे वाळे, कमरेची साखळी, सोन्याचं पान सगळं होतं. गाडी घेताना सनरूफसाठी जास्तीचे पैसे मोजतो. तेव्हा कुणी पैशाचं नाव काढत नाही.

"आमच्या गाडीला पाच स्टार आहेत." अभिनंदन! पण त्या चाचणीत मुलांच्या सुरक्षिततेचे गुण वेगळे मोजतात, आणि त्यासाठी दीड आणि तीन वर्षांच्या मुलांच्या मापाचे पुतळे कार सीटमध्ये बांधून बसवलेले असतात. मावशीच्या मांडीवर बसवून एकही स्टार मिळालेला नाही.

"रडते हो ती!" रडते. पहिले पंधरा दिवस आमचीही रडली. आता बकलचा टक् आवाज आला की हसते. इंजेक्शन देतानाही रडते, म्हणून आपण लस टाळतो का?

आणि एक खास आक्षेप आमच्या न्यू जर्सीच्या ताईसाठी, जी हे नक्की वाचणार. ताई, तुझ्या बाळाला तिकडे हॉस्पिटलमधून घरी नेताना आधी कार सीट आहे का बघितलं होतं, तूच कौतुकानं सांगितलं होतंस. मग तेच बाळ नागपूरच्या विमानतळावर उतरलं की भाऊजींच्या मांडीवर कसं येतं? तिकडे दंड असतो म्हणून बांधायचं आणि इकडे नसतो म्हणून सोडायचं? मग ती काळजी बाळाची होती की पोलिसाची?

ज्यांना पटलं असेल त्यांच्यासाठी, मी चुकत चुकत शिकलो ते सांगतो. सीट मुलाच्या वजन-उंचीप्रमाणे घ्यायची, "पुढेही चालेल" म्हणून मोठी नाही. मागे आर ४४ किंवा नवा आर १२९, अथवा आपल्याकडचा एआयएस ०७२ असा शिक्का बघायचा. गाडीत आयसोफिक्सचे हुक असतील तर त्याचीच घ्या, चुकायला वाव कमी. सीट मागच्या बाकावर लावायची, बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला. किमान सव्वा वर्षापर्यंत, आणि सीटच्या मापात बसत असेल तर त्याहूनही पुढे. सगळे विचारतात, "काऊन उलटी बसवली पोरीला?" कारण बाळाचं डोकं शरीराच्या मानानं जड आणि मान कच्ची. उलटं बसलं की धक्का पाठ, मान, डोकं मिळून झेलतात. पट्टा खांद्यावर चिमटीत पकडता आला तर तो सैल आहे. आपल्याकडच्या डिसेंबरात जाड स्वेटर घालून बांधू नका, आधी बांधा, मग वरून शाल घाला. मे महिन्यात बसवण्याआधी बकलला हात लावून बघा, तापलेलं असतं. जुनी सीट कुणाकडून घेतली तर ती अपघातातली नाही याची खात्री करा. मोठं झालं की बूस्टर, आणि बेल्ट मानेवर न येता खांद्यावर आणि पोटावर न येता मांड्यांवर बसेपर्यंत तो सोडू नका.

कामठीत बहुतेकांकडे गाडी नाही, दुचाकी आहे, हे मला कळतं. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी हेल्मेट, मोठ्या माणसाला जोडणारा पट्टा आणि ४० ची वेगमर्यादा असा नियम २०२३ पासून आहे. तो कुणी पाळताना दिसत नाही. पण ज्यांच्या दारात आठ-दहा लाखांची गाडी उभी आहे, त्यांना तरी सबब नाही. मलाही नव्हती.

असो. आई आता पुढे बसत नाही. मागे पिल्लूच्या शेजारी बसते, स्वतःचा बेल्ट लावते आणि हात सीटच्या कडेवर ठेवते. निघण्याआधी पट्टा दोनदा ओढून बघते. माझ्यावर तिचा विश्वास नाही, आणि ते बरंच आहे.

मावशी, तू हे वाचून घेशीलच कुणाकडून तरी. पुढच्या वेळी तुला मागच्या बाकावर पिल्लूच्या शेजारची जागा. मांडीवर मात्र गाडी थांबल्यावर, हवी तितका वेळ.