थकवा अंगात की डोक्यात?



या वेळचा विषय जरा घरचा आहे.

दीड वर्षापूर्वी बायकोला फ्लूसारखं काहीतरी झालं. ताप गेला, पण थकवा राहिला तो राहिलाच. दहा तास झोपूनही सकाळी अंग गळालेलं. बोलता बोलता साधा शब्द आठवेना. रक्ताचे सगळे रिपोर्ट नॉर्मल! एक डॉक्टर म्हणाले, स्ट्रेस आहे. आई फोनवर तिला म्हणाली, "परदेशात एकटं पडलं की होतं गं असं, मन रमव जरा." आणि मी? मी तिला दर शनिवारी बिग क्रीक ग्रीनवेवर चालायला न्यायला लागलो. रविवार-सोमवार ती अंथरुणात. तरी पुढच्या शनिवारी मी बूट घालून तयारच!

शेवटी निदान झालं : क्रॉनिक फटिग सिंड्रोम. १९८८ साली हे नाव रूढ केलं ते आमच्या शेजारच्या अटलांटातल्या सीडीसीने. गंमत म्हणजे त्याआधीचं नाव जास्त नेमकं होतं. १९५५ साली लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये अशीच साथ आली, तेव्हा डॉक्टरांनी मेंदू आणि मज्जारज्जूकडे बोट दाखवणारं मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस हे नाव वापरलं. पण १९७० मध्ये दोन मानसोपचारतज्ज्ञांनी जुनी कागदपत्रं चाळून तो हिस्टेरिया ठरवला. आजारी पडलेल्यांत नर्स आणि बायका जास्त, हाही त्यांचा एक पुरावा. वा!

आता मेंदूकडे पुन्हा लक्ष गेलंय. २०२४ मध्ये एनआयएचचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याचे एक प्रमुख डॉ. अविंद्र नाथ, लुधियानाला शिकलेले. मूठ आवळायच्या चाचणीत रुग्णांचे स्नायू थकलेले दिसले नाहीत, पण मेंदूतल्या टेम्पोरो-पॅरायटल जंक्शन या भागाचं काम मंदावलेलं होतं. पाठीतून काढलेल्या पाण्यात कॅटेकोलामाइन्स ही रसायनंही कमी होती. आपल्या भाषेत सांगायचं तर हार्डवेअर ठीक, पण शेड्युलरच जॉब पुढे सोडत नाही. अर्थात रुग्ण फक्त १७, आणि निष्कर्षांवर वादही झाले. म्हणजे बग सापडला असं नाही, लॉगमध्ये खूण मिळाली इतकंच.

एक गोष्ट मात्र पक्की. श्रमानंतर, कधी एक-दोन दिवसांनी, तब्येत ढासळणं हे या आजाराचं मुख्य लक्षण, असं २०१५ च्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या अहवालात आहे. ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२१ मध्ये टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढवण्याचा उपचार देऊ नका असं सांगितलं. म्हणजे माझे शनिवार!

हल्ली आम्ही तिची ताकद बघूनच दिवस आखतो. परवा तिने पोळ्या लाटायला घेतल्या आणि चौथ्या पोळीला स्वतःच थांबली. मी काही बोललो नाही. बाकीच्या मी लाटल्या, नकाशे झाले, ते सोडा.

तुमच्या ओळखीत कोणी असं "नुसतंच थकलेलं" असेल तर त्याला चालायला जा म्हणण्याआधी एकदा नीट ऐकून घ्या. मी उशिरा ऐकलं.