जबडा वाजतो म्हणणाऱ्याला आधी सिंहासन नको

‘जेवताना जबडा कट्‌कन वाजतो, संध्याकाळपर्यंत कानशिलं ठणकायला लागतात,’ असं कोणी योगवर्गात सांगितलं की आपल्यापैकी बरेच शिक्षक त्याला लगेच सिंहासन देतात. मोठा आ करा, जीभ हनुवटीपर्यंत काढा, ताण मोकळा होईल. ही सवय आपण सोडायला हवी.

कानासमोरच्या सांध्यात खालच्या जबड्याचं गोल टोक आणि कवटी यांच्यामध्ये एक छोटी चकती असते. तोंड उघडताना हे टोक आधी जागच्या जागी फिरतं, मग पुढे सरकतं. चकती आधीच पुढे निसटलेली असेल, तर सरकताना टोक तिच्याखाली शिरतं आणि कट् होतं. सिंहासनात आपण नेमकं हे सरकणंच शेवटपर्यंत ताणतो. ज्यांचे सांधे मुळातच सैल, त्यांचा जबडा अशा वेळी उघडाच अडकू शकतो.

नुसता आवाज येतो, दुखत नाही, तोंड नीट उघडतं, अशा साधकाला घाबरवू नये. त्याला बहुधा उपचारांची गरज नसते. दुखणं जुनं असेल तर मात्र आपल्याला काम आहे. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०२३च्या अखेरीस आलेल्या मार्गदर्शक सूचनांत देखरेखीखाली केलेले जबड्याचे आणि शरीराची ढब सुधारणारे व्यायाम यांची ठाम शिफारस आहे; चकती काढून टाकणाऱ्या शस्त्रक्रियेला तितकाच ठाम विरोध. ही देखरेख मुख्यतः फिजिओथेरपिस्टची, हे खरं. पण रोज तासभर साधक समोर असतो तो आपल्या.

सुरुवात जिव्हाबंधाच्या सौम्य रूपाने करावी. जिभेचा शेंडा वरच्या दातांमागे टाळूला, दोन्ही तर्जन्या कानांसमोर. जीभ न सोडता तोंड सावकाश उघडायचं. ती सुटू लागली की थांबायचं. एवढ्या उघडण्यात टोक प्रामुख्याने जागीच फिरतं, म्हणून आवाज बहुतेकदा येत नाही. एक बाजू आधी पुढे पळत असेल तर बोटांना लगेच कळतं. समोर आरसा असला तर हनुवटी सरळ रेषेत उतरते का, हेही दिसतं. चिलीचे फिजिओथेरपिस्ट मारियानो रोकाबादो यांच्या प्रसिद्ध व्यायामसंचातही जीभ अशीच टाळूला लावून तोंड उघडतात: सहा वेळा, दिवसातून सहादा. आपल्या परंपरेतली जागा आणि त्यांची जागा एकच आहे, याचा मला फार आनंद वाटतो.

याहून मोठं काम उरलेल्या तासात आहे. पश्चिमोत्तानासनात हात पावलांपर्यंत पोचत नसले की साधक दात आवळतो. गालाच्या मागच्या कोपऱ्यात स्नायूचा उंचवटा चटकन दिसतो. तो दिसला की आसन थोडं सैल करायला सांगावं. भ्रामरीत ओठ मिटलेले आणि दात सुटे, हे आपण शिकवतोच. तीच सूचना प्रत्येक आसनात, आणि घरी संगणकापुढे बसतानाही द्यावी. घास चावणं आणि गिळणं सोडलं तर वरचे-खालचे दात टेकण्याचं कारणच नाही.

दोन बाबतींत मात्र हात आखडता घ्यावा. साधकाची स्वतःची तीन बोटं उभी तोंडात मावत नसतील, तिखट झोंबत असेल आणि सुपारी किंवा गुटख्याची सवय असेल, तर तो ताण समजून ताणू नका. गालाच्या आतलं अस्तर घट्ट होत जाणारा हा आजार पुढे कर्करोगाकडे जाऊ शकतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२पासून बंदी आहे, तरी सवय सुटलेली नाही आणि सुपारी तर घरोघरी आहे. अशा साधकाला त्याच आठवड्यात दंतवैद्याकडे पाठवा. जिना चढताना जबडा दुखतो आणि थांबल्यावर दुखणं थांबतं असं कोणी म्हणालं, तर वर्ग थांबवून हृदय तपासायला लावा.

प्रवेशअर्जात आपण मान, कंबर, गुडघे विचारतो. त्याखाली आणखी तीन ओळी घाला: जबडा दुखतो का, झोपेत दात खाता का, सुपारी खाता का.