घराचे पाणी, शेताचे पाणी : वही एकच हवी



रेवदंडा कुठे आणि आपण कुठे! तिथे नारळ-पोफळी, इथे कापूस-ज्वारी. तिथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, इथे त्याच्या निम्मासुद्धा पडेल याचा भरवसा नाही. तरीही आम्ही रायगडच्या किनाऱ्यावरचे हे गाव तुमच्यापुढे मांडतो आहोत. पाण्याची टंचाई आभाळातून येते की कारभारातून, याचा निकाल तिथे लागतो.

रेवदंडा हे अष्टागरातले गाव. घरामागे वाडी, वाडीत विहीर. पूर्वी रहाट होता, आता पंप आहे. त्याच विहिरीचे पाणी चुलीवर, त्याचेच न्हाणीत, त्याचेच पोफळीच्या अळ्यात. न्हाणीतून निघालेले पाणी केळीला आणि अळूला. घरगुती पाणी आणि शेतीचे पाणी अशा दोन वह्या वाडीवाल्याने कधी मांडल्या नाहीत. समुद्राकाठी गोड्या पाण्याचा थर पातळ असतो. बेसुमार उपसले की विहीर मचूळ होते. म्हणजे वाडीसाठी केलेला अतिरेक थेट घरच्या हंड्यात कळतो. विहीर एकच असली की हिशेब कोणी शिकवावा लागत नाही.

आता सरकारी हिशेब पाहा. या भागातल्या गावांना नळाने पाणी देणाऱ्या उमटे धरणात वर्षानुवर्षे गाळ साचत गेला, आणि एवढ्या पावसाच्या मुलखात उन्हाळा आला की हंड्यांची रांग लागते. याच रेवदंड्याला कुंडलिका नदी समुद्राला मिळते. तिच्या पाण्यात मुळशी धरणाचे पाणीही असते. मुळशीची मुळा नदी मूळची भीमेच्या खोऱ्यातली, सोलापूरच्या वाटेने जाणारी. १९२१ ते १९२४ या काळात मावळ्यांनी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला, तरी धरण झाले, आणि १९२७ पासून ते पाणी घाटाखाली भिऱ्याला सोडून वीज काढली जाते. वाटेत रोह्याकडचे कालवे आणि कारखाने आपला वाटा घेतात, उरलेले खाडीत. वरचा शेतकरी कोरडा, खालची बाई रांगेत, आणि मधून नदी वाहते! याला दुष्काळ म्हणायचे की नियोजन?

आपल्याकडे वेगळे काय आहे? अकोल्याला पाणी काटेपूर्णेचे, अमरावतीला ऊर्ध्व वर्ध्याचे, नागपूरला पेंचचे. ही धरणे बांधताना नाव शेतकऱ्याचे घेतले होते. पाऊस कमी झाला की पहिली कात्री सिंचनाच्या पाळीला. २००३ च्या राज्य जलनीतीत तर कारखान्याचा नंबर शेतीच्या वर लावला होता. तो २०११ मध्ये बदलावा लागला. १९९३ च्या भूजल कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून पाचशे मीटरच्या आत नव्या विहिरीवर बंधन घातले. स्रोत जपला पाहिजे, हे आम्हाला मान्य आहे. पण त्या स्रोतात पाणी मुरवण्याची जबाबदारी कोणाची, हे विचारले की प्रत्येक खाते दुसऱ्या खात्याकडे बोट दाखवते.

कोणी म्हणेल, तुम्ही तहानलेल्याच्या तोंडचे पाणी काढता काय? मुळीच नाही. पहिला हक्क पिण्याचाच. पण शहरातले कारंजे आणि मोटारी धुण्याचे पाणीसुद्धा 'पिण्याचे' या नावाखाली जाते, आणि आमचा बैल मात्र कोणत्याच वहीत नसतो. २०१९ च्या जलजीवन मिशनने गावात माणशी रोज ५५ लिटर ठरवले. उन्हाळ्यात एक बैल तेवढे सहज पितो. फवारणीचे पाणी कुठून आणायचे? शेतकऱ्याचे घर शेतापासून तोडून मोजणाऱ्याला शेतकऱ्याचे घर समजलेलेच नाही.

आता आमचा हिशेब. गाव ४०० घरांचे, घरात पाच माणसे, माणशी ५५ लिटर. दिवसाला १ लाख १० हजार लिटर, वर्षाला ४ कोटींवर. संडासाचे वेगळे काढा, मुरले-उडाले ते सोडा, निम्मेच हाती राहिले असे धरा : २ कोटी लिटर. एक हेक्टरला पाच सेंटिमीटरची एक संरक्षित पाळी द्यायला ५ लाख लिटर लागतात. म्हणजे ४० हेक्टर. बोंडे भरताना कपाशीला किंवा हुरड्यात येणाऱ्या ज्वारीला ही एक पाळी काय असते, ते तुम्हाला सांगायला नको. हे पाणी आज रस्त्यावरच्या गटारात डास पोसते. सांडपाण्याची व्यवस्था हा नळयोजनेचाच भाग आहे, पण कागदावर.

नागपूर शहराचे वापरलेले पाणी शुद्ध करून कोराडीच्या वीज केंद्राला दिले जाते. चांगलेच आहे. पण त्यामुळे धरणाचे जेवढे पाणी वाचते तेवढे कालव्याला परत का मिळू नये?

म्हणून जिल्हा बैठकीपुढे आमच्या मागण्या :

१. गावाची वा शहराची कोणतीही पाणीयोजना मंजूर करताना घर, जनावरे आणि शेत यांचा ताळेबंद एकत्र मांडावा.

२. नळयोजनेच्या खर्चातच स्रोताच्या वरच्या बाजूचे बंधारे, गाळ काढणे आणि सांडपाण्याचे शेततळे धरावे.

३. सिंचनाच्या धरणातून शहराने जेवढे घेतले त्यातले वापरलेले पाणी शुद्ध करून त्याच लाभक्षेत्राला द्यावे, किंवा तेवढे धरणातून सोडावे.

४. पाळी रद्द करायची तर पेरणीपूर्वी सांगावे. पेरल्यावर रद्द केली तर भरपाई द्यावी.

आणि एक मागणी स्वतःकडे. बोअरमागे बोअर पाडून शेजाऱ्याची विहीर आटवणारा आपल्यातही आहे. रेवदंड्याच्या वाडीवाल्याला मचूळ पाणी इशारा देते. आपल्याला नुसता कोरडा पाइप मिळतो, तोही उशिरा. पुढच्या ग्रामसभेत नळयोजनेचा आराखडा मागा, वाचा, आणि एकच प्रश्न विचारा : यात शेत कुठे आहे?