पिशोर ते शहर : एका रस्त्यावरचा पाण्याचा इतिहास

१/१३ 🧵
पिशोरहून कन्नडमार्गे छत्रपती संभाजीनगरला निघाले की वेरूळ, खुलताबाद आणि दौलताबाद ओलांडावे लागते. प्रवाशाला या वाटेवर लेणी आणि किल्ला दिसतो. जगभर आज ज्याला ‘पर्यावरणीय न्याय’ म्हणतात, त्या प्रश्नाचा चारशे वर्षांचा इतिहासही याच वाटेवर आहे. पाण्यावर हक्क कोणाचा, हा तो प्रश्न.

२/१३
खुलताबादला मलिक अंबरची कबर आहे. इथिओपियात जन्म, बालपणीच गुलाम म्हणून विक्री, अनेक धनी बदलत दख्खनेत आगमन आणि पुढे निजामशाहीचा सर्वाधिकारी, असा त्याचा प्रवास. १६१० च्या सुमारास त्याने खडकी वसवली. तीच पुढे औरंगाबाद झाली. १६२६ मध्ये त्याचे निधन झाले.

३/१३
मुघलांना त्याने दीर्घकाळ दख्खनेत रोखून धरले. जहांगीराच्या आत्मवृत्तात त्याच्यासाठी काळ्या वर्णावरून हिणवणारी विशेषणे येतात. अबुल हसनच्या एका प्रसिद्ध चित्रात तर जहांगीर भाल्यावर खोचलेल्या अंबरच्या मस्तकावर बाण सोडतो आहे. प्रत्यक्षात हे मस्तक मुघलांच्या हाती कधीच लागले नाही. वर्णद्वेष ही केवळ पाश्चात्त्यांची देणगी, असे मानणाऱ्यांनी हे चित्र अवश्य पाहावे.

४/१३
याच माणसाने खडकीला पाणी दिले. ‘नहर-ए-अंबरी’ ही भूमिगत कालव्यांची योजना होती. डोंगरउतारावर झिरपणारे भूजल गोळा करायचे आणि केवळ जमिनीच्या उताराच्या बळावर शहरापर्यंत आणायचे, हे तिचे तत्त्व. हवा खेळावी व सफाई करता यावी म्हणून ठिकठिकाणी वर उघडणारी तोंडे ठेवलेली. कमी पावसाच्या प्रदेशात शहर उभे राहिले ते या नहरींमुळे.

५/१३
आता तीन शतके पुढे, त्याच रस्त्यावर दौलताबादला येऊ. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळ पाहण्यास निघाले होते. वाटेत किल्ला पाहावा म्हणून ते थांबले. रमजानचा महिना होता. प्रवेशद्वाराजवळील भरलेल्या हौदावर प्रवासाने धुळकटलेल्या या मंडळींनी हातपाय धुतले आणि गहजब झाला. अस्पृश्यांनी हौद बाटवला, असा आरोप करीत स्थानिक मुसलमान जमाव धावून आला.

६/१३
अखेर किल्ला पाहण्याची परवानगी मिळाली, ती एका अटीवर: आत कोठेही पाण्याला स्पर्श करायचा नाही. त्यावर लक्ष ठेवण्यास सशस्त्र शिपाई सोबत दिला गेला. बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे. हिंदूंच्या दृष्टीने अस्पृश्य असलेला माणूस मुसलमानाच्या दृष्टीनेही अस्पृश्यच ठरतो, हे त्यांना त्यातून दाखवायचे होते.

७/१३
हौद काठोकाठ भरलेला होता, हा तपशील निसटू देऊ नये. तेथे दुष्काळ नव्हता. महाडलाही नव्हता. मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये ठराव केला, नगरपालिकेने चवदार तळे खुले केले, तरीही पाणी पिण्यासाठी २० मार्च १९२७ चा सत्याग्रह करावा लागला. त्यानंतर तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले. उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल यायला १९३७ उजाडले.

८/१३
अमेरिकेत हाच प्रश्न वेगळ्या रूपाने उभा राहिला. नॉर्थ कॅरोलायनात रस्त्यांच्या कडेला पीसीबी हे विषारी रसायन बेकायदा ओतले गेले होते. ती दूषित माती पुरण्यासाठी सरकारने वॉरन काउंटी निवडली. तेथील बहुसंख्य रहिवासी कृष्णवर्णीय आणि गरीब होते. पिण्याचे पाणी विहिरींचे होते. १९८२ मध्ये लोक मातीच्या ट्रकांपुढे आडवे झाले. पाचशेहून अधिक जणांना अटक झाली.

९/१३
२०१४ मध्ये मिशिगनमधील फ्लिंट शहराचे पाणी खर्च वाचवण्यासाठी फ्लिंट नदीवरून घेण्यात आले. गंज रोखणारी प्रक्रिया न केल्याने जुन्या नळांतील शिसे पाण्यात उतरले. नागरिक गढूळ पाण्याच्या बाटल्या दाखवीत राहिले, अधिकारी पाणी सुरक्षित असल्याचे सांगत राहिले. शहराची निम्म्याहून अधिक वस्ती कृष्णवर्णीय. यामागे व्यवस्थेत मुरलेला वंशभेद आहे, असा निष्कर्ष त्या राज्याच्या नागरी हक्क आयोगाने २०१७ मध्ये नोंदवला.

१०/१३
वंश आणि जात एकच नव्हेत. एकाची खूण कातडीवर असते, दुसरीची आडनावात आणि वस्तीच्या जागेत. परंतु ही तुलना आजची नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना. १९४६ मध्ये आंबेडकरांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरने आपले नाव ब्लॅक पँथरवरून घेतले.

११/१३
मराठवाड्याच्या पाण्याची चर्चा आजही पाऊस, धरण आणि टँकर यांच्यापाशीच थांबते. किती मिलिमीटर पडला, धरणात किती टक्के साठा आहे, हे आकडे आवश्यकच आहेत. पण उपलब्ध पाणी कोणत्या वस्तीला आधी मिळते, कोणाच्या दारी नळाचा शेवट होतो आणि घाण पाणी कोठे सोडले जाते, हे त्या आकड्यांतून कळत नाही. टंचाईला केवळ निसर्गाचा कोप म्हटले की वाटपाचा हिशेब देण्यातून सारेच सुटतात.

१२/१३
म्हणून जातीचा प्रश्न वगळून केलेली पर्यावरणाची मांडणी अपुरी आहे, आणि पाण्याचा प्रश्न वगळून लिहिलेला जातीचा इतिहासही. गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या एका आफ्रिकी माणसाने ज्या भूमीत पाणी खेळवले, तेथेच पुढे एका बॅरिस्टरवर पाण्यासाठी पहारा बसला. हे दोन्ही प्रसंग एकत्र शिकवले गेले पाहिजेत.

१३/१३
या इतिहासाची साधने अभिलेखागारापेक्षा गावांत अधिक आहेत. १९७२ चा दुष्काळ जाणतेपणी पाहिलेली पिढी पिशोरसारख्या गावांत अजून आहे. कोणती विहीर कोणाची होती, कोणाला काठावर उभे राहून दुसऱ्याने पाणी ओतण्याची वाट पाहावी लागे, हे त्यांना ठाऊक आहे. इतिहासाची आवड असणाऱ्यांनी किल्ल्यांच्या छायाचित्रांइतकीच निकड या नोंदींची मानावी. विहिरी बुजत आहेत, सांगणारेही कमी होत आहेत.