मीटर हेही मापच आहे

जुनी गाडी विकताना तिचं मीटर मागे करणं म्हणजे मापात मारणं, आणि मापात मारून आलेला पैसा हलाल नाही. हे इतकं सरळ लिहावं लागतं, कारण आपल्याकडे ते कुणी सरळ बोलत नाही. दुधात पाणी घालणाऱ्याला आपण नावं ठेवतो. किराणा दुकानात पन्नास ग्रॅम कमी भरले तर चारचौघांत भांडतो. पण नव्वद हजार किलोमीटर धावलेली गाडी चाळीस हजारांची म्हणून खपवणारा आपल्याला ‘धंद्यात हुशार’ वाटतो. त्याच्या मुलीच्या लग्नात आपण जेवतो, त्याने मस्जिदीला दिलेले पंखे आपण कौतुकाने वर बघतो.

सिंदी (रेल्वे)सारख्या गावात स्पोर्ट्स कारचा विषय कशाला, असं कुणी विचारेल. नागपूर-वर्धा लोहमार्गावरचं आमचं गाव, भोवती कपाशी आणि सोयाबीन. पण समृद्धी महामार्ग आमच्याच सेलू तालुक्यातून जातो. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा 11 डिसेंबर 2022 ला सुरू झाला आणि 701 किलोमीटरचा पूर्ण रस्ता जून 2025 मध्ये. तेव्हापासून पंचविशीतल्या पोरांच्या मोबाईलवर दोन दारांच्या, बुटक्या, मोठ्या आवाजाच्या गाड्या फिरू लागल्या आहेत. मोठ्या शहरातला श्रीमंत माणूस अशी गाडी चार-पाच वर्षं चालवतो आणि काढून टाकतो. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर हरित लवादाने आणि मग 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंधनं आणली, तेव्हापासून तिकडच्या गाड्याही स्वस्तात इतर राज्यांत येतात. नव्या हॅचबॅकच्या पैशात स्पोर्ट्स कार मिळते म्हटल्यावर पोरगं पाघळणारच.

त्याला एक गोष्ट कुणी सांगत नाही. गाडीची किंमत उतरते, तिच्या सामानाची उतरत नाही. साठ लाखांची गाडी बारा लाखांत मिळाली, तरी तिचे ब्रेक डिस्क, क्लच, टर्बो, सस्पेन्शन साठ लाखांच्या गाडीच्याच भावाने येतात. अशा गाडीची देखभाल किलोमीटरवर आणि वर्षांवर मोजली जाते. टायमिंग बेल्ट ठरलेल्या किलोमीटरला बदलावा लागतो. तो चालत्या गाडीत तुटला तर बहुतेक इंजिनांत व्हॉल्व पिस्टनवर आपटतात आणि इंजिनच उघडावं लागतं. गिअरबॉक्सचं ऑइल, स्पार्क प्लग, ब्रेक ऑइल, सगळ्याचा हिशेब ठरलेला. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. रबरी होज आणि सील त्या उन्हात तडकतात, कूलंट कमी असेल तर इंजिन तापतं. म्हणून मीटरवरचा आकडा हा त्या गाडीचा दवाखान्याचा कागद असतो. तो खोटा केला की पुढचा प्रत्येक निर्णय खोट्यावर उभा राहतो.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याने अशीच एक जर्मन गाडी घेतली. थोडी बापाची बचत, थोडं फायनान्स. मीटरवर बेचाळीस हजार. विकणाऱ्याने ‘एक रुपयाचं काम नाही’ असं तीनदा सांगितलं आणि वर अल्लाची कसम खाल्ली. दोन महिन्यांत गिअर अडकू लागले. गॅरेजमधल्या उस्तादांनी आधी ब्रेक पॅडलचं रबर बघितलं, ते गुळगुळीत. स्टिअरिंगचं चामडं डाव्या-उजव्या बाजूला घासून चकचकीत झालेलं. त्यांनी जुन्या सर्व्हिसचा रेकॉर्ड मागवायला लावला. गाडी विकण्याच्या दीड वर्ष आधीच तिने एक्क्याण्णव हजार ओलांडले होते. पोराने फोन केला तेव्हा विकणारा म्हणाला, ‘भाई, पाहून घेतली ना तुम्ही?’ ती गाडी आता ताडपत्रीखाली उभी आहे आणि हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला कापला जातो. व्याजावर गाडी घ्यावी का, हा वेगळा विषय, त्याबद्दल त्या पोराशी मी बोललो आहे. पण त्याच्या व्याजाने विकणाऱ्याचं खोटं माफ होत नाही.

आता दीनचं बोलू. कुरआनातली त्र्याऐंशीवी सूरत, अल-मुतफ्फिफीन, हिचं नावच मापात मारणाऱ्यांवरून पडलं आहे. घेताना पुरेपूर घ्यायचं आणि देताना कमी द्यायचं, या सवयीवर ती सुरू होते. हजरत शुऐब यांच्या कौमची गोष्टही माप-तराजूचीच आहे. आपण या सूरती तोंडपाठ म्हणतो आणि तराजू म्हटलं की डोळ्यांपुढे वाण्याचं दुकान आणतो. पण गाडी कितीदा आणि किती धावली हे मोजणारं यंत्र हे माप नाही तर काय आहे? वाणी पन्नास ग्रॅम मारतो. मीटर मागे करणारा पन्नास हजार किलोमीटर मारतो.

मदिनेच्या बाजारातली हदीस सगळ्यांना माहीत आहे. रसूलुल्लाह (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला तर आत ओल लागली. विकणारा म्हणाला, पाऊस पडला होता. त्यावर त्यांनी विचारलं की मग ओलं धान्य वर का ठेवलं नाही, म्हणजे लोकांना दिसलं असतं. लक्षात घ्या, त्या माणसाने पाणी घातलं नव्हतं. पावसाने भिजलेलं झाकलं होतं, एवढंच. तेवढ्यावर त्याची खरडपट्टी निघाली. लॅपटॉप जोडून आकडा बदलणारा तर त्या माणसाच्या कितीतरी पुढे गेला.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, म्हणून एका शब्दाकडे लक्ष वेधतो. ‘ऐब’ हा शब्द अरबीतून उर्दूत आला तसा मराठीतही आला आणि इथे अगदी रुळला. फिकहमध्ये ‘खियारे-ऐब’ नावाचा हक्क आहे. सौद्याच्या वेळी न सांगितलेला ऐब नंतर निघाला, तर घेणाऱ्याला माल परत करता येतो. आपल्या बैलबाजारातही हीच रीत. बैलाचे दात बघून वय ठरतं, आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला. मारका आहे का, औताला बसतो का, ही खोड विकणाऱ्याने आधी सांगायची असते. न सांगता विकलेला बैल परत आणून दारात बांधणारे शेतकरी या भागात होते आणि गाव त्यांच्या बाजूने उभं राहत असे. आमच्या सिंदीचा तान्हा पोळा विदर्भात प्रसिद्ध आहे. लाकडाचे मोठमोठे नंदी सजवून आणतात. पण लाकडाचा नंदी जुंपायचा बैल म्हणून कुणी विकत नाही. गाडीच्या धंद्यात मात्र रंग मारून, पॉलिश करून नेमकं तेच चाललं आहे.

यावर मला ठरलेली उत्तरं मिळतात. पहिलं उत्तर, ‘जशी आहे तशी विकली.’ हनफी फिकहमध्ये विकणारा ‘कुठल्याही ऐबाची जबाबदारी माझी नाही’ अशी अट घालू शकतो, हे मला ठाऊक आहे. त्या अटीने घेणाऱ्याचा परतीचा हक्क जाईल. फसवणुकीचं पाप त्या अटीने जात नाही. आणि मीटर मागे केलेली गाडी ‘जशी आहे तशी’ राहिलीच कुठे? तुम्हीच ती बदललीत.

दुसरं उत्तर, ‘सगळेच करतात.’ इमाम अबू हनीफा कूफ्यातले कापडाचे व्यापारी होते. त्यांच्याबद्दल सांगितलं जातं की भागीदाराने ऐब असलेलं कापड तो ऐब न सांगता विकलं, गिऱ्हाईक कोण ते सापडेना, तेव्हा त्यांनी आलेली सगळी रक्कम सदका करून टाकली. कूफ्याच्या बाजारातही ‘सगळेच करतात’ म्हणणारे असतीलच. आपण हनफी म्हणवतो ते त्यांच्या नावाने की बाजाराच्या?

तिसरं उत्तर सगळ्यात नाजूक आहे. ‘सर, गॅरेज आणि जुन्या गाड्यांच्या धंद्यात आपलीच पोरं जास्त. तुम्ही असं लिहिलंत तर लोक आपल्यालाच चोर म्हणतील.’ ही भीती मला समजते, पण लबाडीला धर्म नसतो. डीसी अवंती आठवते का? 2012 च्या दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत महाराष्ट्रातल्या कंपनीने दाखवलेली, भारताची स्पोर्ट्स कार म्हणून गाजलेली, रेनॉच्या दोन लिटर टर्बो इंजिनाची गाडी. डिसेंबर 2020 मध्ये मुंबई पोलिसांनी तिच्या निर्मात्याला अटक केली. एकाच चासी नंबरवर एकाहून अधिक राज्यांत नोंदणी आणि त्या गाड्यांवर फायनान्स कंपन्यांकडून कर्जं, असा तो आरोप होता. आरोप म्हणजे निकाल नव्हे, हे मी विसरत नाही. पण या प्रकरणात कुणाच्या जातधर्माची चर्चा झाली नाही, आणि तेच योग्य होतं. आपल्या बाबतीत ती होते, हा अन्याय आहे. त्या अन्यायाविरुद्ध बोलायचं तर आपला तराजू आधी सरळ हवा. ऐब झाकून कौमची अब्रू राहत नाही. ती राखतात आकडा खरा सांगणारे उस्ताद, आणि असे उस्ताद आपल्यात भरपूर आहेत. वाहवा मात्र शोरूमवाल्याची होते, काळ्या हातांच्या माणसाची नाही.

कागदाचं खोटंही याच माळेतलं. गाडी विकली, पैसे घेतले, पण आरसी नावावर केलीच नाही. फॉर्म 29 आणि 30 वर कोऱ्या सह्या घ्यायच्या आणि गाडी हातोहात फिरवायची. मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 नुसार मालकी बदलल्याचं ठरलेल्या मुदतीत आरटीओला कळवावं लागतं. 2018 च्या फेब्रुवारीत नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की अपघात झाला तर भरपाईला जबाबदार तो, ज्याचं नाव नोंदीत आहे, मग गाडी त्याने कधीच विकलेली का असेना. म्हणजे कोरी सही देणारा स्वतःचा गळा दुसऱ्याच्या हातात देतो, आणि ती मागणाराही बेइमानीच करतो. एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्यांना आरटीओकडून अधिकृतपत्र घेण्याचा नियम आहे. गाडी घ्यायला गेलेल्या पोरांनी ते मागावं. न दाखवणाऱ्याकडे बसून चहाही पिऊ नये. फसलेल्याने गप्प बसू नये. विकणारा व्यापारी असेल तर पन्नास लाखांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात करता येते.

स्पोर्ट्स कारच्या बाबतीत हे खोटं जिवावरही येतं. समृद्धीवर मोटारींना ताशी 120 ची मर्यादा आहे आणि अशा गाडीला ती मर्यादा खेळण्यासारखी वाटते. तापलेल्या काँक्रीटवर जुने, कडक झालेले टायर फुटतात. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. 2317 म्हणजे 2017 सालचा तेविसावा आठवडा. टायर बाहेरून काळं पॉलिश मारून चमकवलेला आणि गाडी ‘कमी चाललेली’ म्हणून विकलेली असेल, तर तो आकडा कोण बघतो? उद्या त्या गाडीत चार जीव गेले, तर विकणाऱ्याला काय फक्त पन्नास हजार किलोमीटरचा हिशेब द्यावा लागेल?

आमच्या खतीब साहेबांकडे माझी विनंती आहे. जुम्याच्या बयानात आपण दाढी, पायजमा, मोबाईल यांवर बोलता. एक जुमा मीटरवर बोला. मेकॅनिक, एजंट, डीलर पहिल्या दोन सफांत बसलेले असतात, त्यांच्याकडे बघून बोला. मस्जिदीचा चंदा घेताना पैसा कुठून आला हे विचारायची हिंमत करा.

आणि धंदेवाल्या भावांनो, तुमच्याकडे एकच मागणी. प्रत्येक गाडीबरोबर एका कागदावर तिचे ऐब लिहून द्या. खरे किलोमीटर, कुठे ठोकली होती, पुरात होती का, बेल्ट कधी बदलला, टायर कोणत्या सालचे, कर्ज फिटलं का, चालान बाकी आहेत का. खाली सही करा. गिऱ्हाईक भाव पाडेल, कदाचित उठूनही जाईल. जाऊ द्या. मीटर मागे करून द्या म्हणणारा आला तर उस्तादांनी त्याला दार दाखवावं, तो चुलतभाऊ असला तरी. सिंदी, सेलू, वर्धा मिळून दहा जणांनी जरी हे सुरू केलं, तर सर्व धर्मांची गिऱ्हाइकं त्यांचाच पत्ता विचारत येतील, आणि घरी जाणारा पैसा मुलांच्या तोंडात घालताना हात अडणार नाही.